सुटे

फडणीस वकील म्हणाले, कलम अकरा.
लेखी कळवा, साठ दिवसांची मुदत द्या,
आणि ताई, पत्रात भावना घालू नका,
भावनेला पानक्रमांक नसतो.
मग लिल्या चिवड्याची बशी पुढे सरकवली.
फी घेतली नाही.

पहिला मसुदा तीन पानी झाला.
त्यात नऊ सालचा एक गुरुवार होता,
ठाण्याहून यामिनी टिपणीसचा पहिला फोन,
'हे तुम्ही आणखी कुणाला पाठवलंय का?'
विचारताना तिला लागलेली धाप
(जिना चढत होती ती, पुढे कळलं).
मी तेव्हा विद्यापीठाच्या ग्रंथालयात
हरवलेल्या पुस्तकांचा दंड वसूल करायची.
तिनं माझं पुस्तक मल्याळममध्ये नेलं.
पानांचे आकडे तेवढे ओळखीचे,
तेच वाचत बसले होते एक अख्खी दुपार.

दुसऱ्या मसुद्यात तक्रार.
अकरा महिने हस्तलिखित तिच्याकडे,
गुरुवारचा फोन आधी महिन्यावर गेला,
मग मदतनीस मुलीवर,
जी मला मॅम म्हणते आणि 'बघून घेते' म्हणते.
आणि चैत्रात आलेली ती ओळ:
नदीचं वर्णन अप्रतिम.

माझ्या कादंबरीत नदी नाही.
मुद्दाम नाही.
विश्वामित्री या शहराच्या पोटातून जाते
आणि शहर तिच्याकडे पाठ करून जेवतं,
म्हणून दोनशे सत्तर पानं मी नदीशिवाय काढली.
एक मगर आहे, पान त्र्याण्णववर,
तीही कमाटीबागेतल्या पिंजऱ्यात,
आणि ती रडत नाही.

कधी सोडावं, असं कुणी विचारलंच
तर भांडण झाल्यावर, असं मी सांगणार नाही.
भांडायची तेव्हा ती वाचत होती.
'ताई, हा बाप चाळिसाव्या पानावर मेलाच पाहिजे.'
मी तीन दिवस तिच्याशी बोलले नाही,
चौथ्या दिवशी बाप मारला.

तिसऱ्या मसुद्यात उपमा आली. फाडला.

चौथा चार ओळींचा.
करार संपुष्टात. साठ दिवस.
जुन्या पुस्तकांवरचे पंधरा टक्के पूर्ववत तुमचे.
आपली.
हा 'आपली' कलम अकरात बसतो का,
फडणिसांना विचारायचं राहिलं.

पूर्ववत म्हणजे, मागच्या मार्चचा हिशेब:
एकशे बारा रुपये चाळीस पैसे,
त्यातले सोळा रुपये शहाऐंशी पैसे तिचे.
पुस्तक छापात आहे तोवर
वर्षातून एकदा
एवढ्यापुरत्या आम्ही दोघी एका कागदावर.

घडी घालताना दिसलं,
डावीकडे मी चार बोटं समास सोडलाय.
सवयीनं.
तिच्या पेन्सिलीसाठी.

पुन्हा लिहायला हवं होतं, पण रावपुऱ्याचं पोस्ट
चारनंतर रजिस्टर घेत नाही.

खिडकीतल्या माणसानं पाकीट काट्यावर टाकलं.
'कागळ छे?'
आपला कागद कोरासुद्धा असतो,
त्यांचा कागळ म्हणजे
कुणीतरी कुणालातरी लिहिलेलं.
कागळ, म्हटलं.
ठाण्याच्या ठ वर शिक्का बसला.
पोचपावतीसकट तीस रुपये.
माझ्या पर्समध्ये पाचशेची एक नोट,
मागे रांग, रांगेत कुणाचं तरी रडकं पोर,
आणि काचेपलीकडून, मान वर न करता,
'छूटा छे, बेन?'

पन्नास वर्षं ऐकतेय या गावात हे,
भाजीवाल्याकडून, रिक्षावाल्याकडून,
आजच उत्तराला वेळ लागला.

छे, म्हणाले मी.
गुजरातीत म्हणाले की मराठीत,
ते बघायला
त्यानं मान वर केली.